बंडखोर पोरींची शिस्त

खऱ्या बंडखोर पोरी कुठे मिळतात, हे अख्ख्या टोकियोत मला एकट्याला ठाऊक होतं! निदान कुरामोची साहेबांना मी तसं छातीठोकपणे सांगितलं.

साहेब मुलींच्या टोळ्यांचे सिनेमे काढायचे. दर दहा मिनिटांनी मारामारी, मध्ये थोडी गोष्ट. मी त्यांचा चौथा सहायक, म्हणजे छत्री धरणारा. चौथ्याचं नाव पडद्यावर येत नाही. पण खऱ्या टोळीकडून शनिवारी संध्याकाळच्या आत मारामारी उरकून घेतलीस तर नाव घालीन, असं साहेब बोलून गेले आणि मी त्याच दिवशी गावी, अकिताला, आईला पत्र टाकून मोकळा झालो.

शनिवारी कावासाकीहून टोळीची म्होरकी फुमियो आपल्या सहा जणींना घेऊन आली. घोट्यापर्यंत स्कर्ट, भादरलेल्या भुवया, खिशात ब्लेड. कॅमेरामन दोन पावलं मागे सरकला. मला आभाळ ठेंगणं झालं.

टोळीने नायिका रिन्कोला बदडायचं, एवढंच काम होतं. कॅमेरा सुरू झाला. सातही पोरी ओळीत उभ्या राहिल्या आणि रिन्कोपुढे कमरेत वाकल्या!

"ताईंना सिनेमात तीन वर्षं झाली, आम्ही आज आलो," फुमियो म्हणाली. "आधी आलेल्यावर हात उचलायचा नसतो, साहेब. आमच्यात नाही चालत."

साहेबांनी समजावलं, दरडावलं. पोरी दर वेळी माफी मागायच्या आणि पुन्हा वाकायच्या. शाळेला काडी लावायला निघालेल्या या मुली, पण शाळेत नसतील इतके यांचे नियम. चार वाजले. साहेब आता पोरींकडे नाही, माझ्याकडे बघत होते.

मी फुमियोला बाजूला नेऊन गयावया केली. "अगं, मग तुम्ही मारता तरी कोणाला?"

"टोळीत नवीन येईल तिला. पहिल्या दिवशी मार खावाच लागतो. मीपण खाल्लाय."

रिन्कोला तासाभरापुरतं टोळीत घ्या, असं मी सुचवलं. ते ऐकून रिन्कोची आई पर्स उगारून उठली आणि विषय तिथेच मिटला. मग साहेबांनी एकदा रिन्कोच्या खांद्यांकडे पाहिलं, एकदा माझ्या.

"पाठच तर दिसायची आहे," ते म्हणाले.

माझ्या डोक्यावर केसांचा टोप चढला. फुमियोने स्वतःचा जादा स्कर्ट दिला. मी गुडघे टेकून शपथ घेतली: थोरल्यांना उलट बोलणार नाही, स्कर्ट आखूड करणार नाही. शपथ संपते न संपते तोच पहिली थप्पड बसली. काय तो उत्साह! साहेबांनी तो प्रसंग नऊ वेळा घेतला. सातव्या वेळी मी आईला हाक मारली, पण ती हाक नंतर कापली.

साहेब शब्दाला जागले. सिनेमा अकिताला लागला तेव्हा आई अख्खी गल्ली घेऊन गेली. चार दिवसांनी तिचं पत्र आलं.

"नाव दिसलं. 'मार खाणारी मुलगी: होसाका तेत्सुजी.' शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबा विचारताहेत, तो स्कर्ट परत केलास ना?"

अजून नाही केला. टोळी सोडल्याशिवाय तो परत करता येत नाही. आणि टोळी सोडतानाही मार खावा लागतो, हे मला फुमियोने शपथेनंतर सांगितलं.