मोरीवर फेसजंगाचा अंमल कैसा बसला

श्रीसिद्धेश्वर प्रसन्न. सकळ गुणालंकृत वाचक हुजुरांचे सेवेशी विज्ञापना ऐसी जे, सोलापुरी शेळगीचे बाजूस जोतीरामबावा दूधवाले यांचे घरी साबणाचे फेसावरून जो थोर प्रसंग गुदरला, त्याविषयी गल्लीत नाना तऱ्हेच्या कंड्या उठल्या. कोणी म्हणतात दुधात पाणी होते, कोणी म्हणतात दुधात साबण होता, आणि एका शहाण्याने तर बावांची म्हैसच साबण खाते ऐसे छातीठोक सांगितले. सबब खरे वर्तमान लिहून ठेवणे प्राप्त जाहले. पदरचे काही घातलेले नाही. घातले असल्यास ते पाणी समजोन गाळून घ्यावे.

जोतीरामबावा मूळचे माळशिरस प्रांतीचे. वाडवडील मेंढरे राखीत. यांनी म्हशी घेऊन सोलापुरी ठाणे बसविले आणि दारावर दूध घालण्याची दौलत उभी केली. या दौलतीचे कायदे दोनच, आणि ते पोटच्या पुत्रासही माफ नव्हते. दुधास पाण्याचा स्पर्श होऊ देऊ नये, इतका की धुतलेले मापसुद्धा उन्हात पालथे घालून खडखडीत वाळल्यावाचून चरवीत बुडवू नये, हा एक; आणि फेस मापू नये, हा दुसरा. इतर दूधवाले धार उंचावरून सोडोन मापात निम्मा फेस भरतात, आणि गिऱ्हाईक घरी जाऊन पाहते तो फेस बसलेला आणि दूध तळाशी गेलेले. बावा तैसे न करीत. माप भरीत आणि स्वस्थ बसत, आणि फेस निवू देत, आणि मग वरून धार सोडोन माप काठोकाठ करीत, आणि रांगेतील कोणी घाई केली तर मान वर न करिता म्हणत, "फेस इकायला बसलो न्हाय मी." या कायद्यांवर अवघ्या गल्लीचा भरवसा उभा होता, आणि भरवशावर दौलत.

ऐसे चालले असता चिरंजीव बिरुदेवराव यांचे लग्न होऊन नातेपुत्याहून सुकन्याबाईसाहेब सून होऊन आल्या. माहेरी उसाची शेती. दुधाचा धंदा त्यांस नवा. त्यांनी मोरीचा मुलूख पाहिला तो फार बेबंद. करवंटीत साबणाची वडी, खालून विरघळोन लगदा जाहलेली, आणि तिचे पाठीवर मागील वडीची चिपळी, आणि तिचेही पाठीवर त्याआधीच्या वडीची, ऐशा साबणाच्या पिढ्या एकाच करवंटीत नांदत होत्या. ही चिकटविण्याची कामगिरी गोजाबाईसाहेब, म्हणजे बावांचे कुटुंब, स्वहस्ते करीत आणि त्यात कोणाची दखलगिरी चालू देत नसत. सुकन्याबाईसाहेबांनी तंटा न करिता मोबाईलवरून हुकूम सोडिला, आणि मग खोक्यातून एक सरदार दाखल जाहला. देह बुटका, पोट पारदर्शक, मान वाकडी, आणि माथ्यावर टोपी. ती दाबता साबणाऐवजी तयार फेसच हातावर ठेवी. त्यास या बखरीत फेसजंग बहाद्दर ऐसा किताब देतो.

पहिली रसद कारखान्यातूनच पोटात भरोन आली होती. गोजाबाईसाहेबांनी भीत भीत टोपी दाबली, तो तळहाती पांढराशुभ्र गोळा उतरला. त्यांनी हात नाकाशी नेला, पुन्हा लांब धरिला, आणि अखेर त्या बोलिल्या, "सुकन्या, ही तर साय हाय की गं." आणि मग करवंटी आपणहून कोपऱ्यात सारिली. बिरुदेवरावांनी फेसजंगास दाढीचे चाकरीसही जुंपिले. बावा मात्र त्यास लांबून पाहात, आणि आपली चुलीची राखच बरी म्हणोन गोठ्याकडे निघून जात.

ऐशा उधळपट्टीने फेसजंगाचा खजिना लवकरच रिता पडला. मग भरण्याची पिशवी मागविली. आत साबण दाट आणि दुधासारखा पांढरा, आणि पिशवीवर कारखानदाराचे फर्मान छापिले होते जे, एक भाग साबण आणि चार भाग पाणी घालावे, निव्वळ साबण घातल्यास पंप तुंबेल. नेमकी त्याच दिवशी नळास पाणी येण्याची पाळी होती. सोलापुरात ही पाळी म्हणजे स्वारीचा दिवस. घरातील पिंप, हंडे, बादल्या, कळशा, इतकेच काय तांबे आणि वाट्यादेखील पाणी साठविण्याचे कामी गुंतल्या होत्या. बाईसाहेबांनी चोहीकडे नजर फिरविली तो रिकामे पात्र एकच, कट्ट्यावर उन्हात पालथे घातलेले बावांचे दुधाचे माप. त्यांनी ते उचलिले, आणि ओसरीवर बैठक मारोन फेसजंगाचे पोटात पांढरा साबण ओतिला, आणि मग मापाने पाणी घालू लागल्या.

ते समयी संध्याकाळचे दुधाकरिता किटली घेऊन कमलम्मा दारी उभ्या राहिल्या. या गल्लीतील विणकर घराण्याच्या वडीलधाऱ्या बाई. यांच्या शब्दावर निम्मे गिऱ्हाईक हालत असे. त्यांनी पाहिले जे, दूधवाल्याची सून, हाती दुधाचे माप, मापात पाणी, आणि ते पाणी पांढऱ्या पदार्थात पडते आहे. कमलम्मा काही बोलिल्या नाहीत. म्हणजे, त्या दारात बोलिल्या नाहीत.

दुसरे दिवशी सकाळी रांग लागली तिचा रंग निराळा. एकाने दुधाचा थेंब अंगठ्याचे नखावर घेऊन ओघळतो की टिकतो ते पाहिले, आणि त्याचे पाहोन दुसऱ्याने, आणि मग रांगच्या रांग नखांकडे पाहात उभी राहिली. मागून एक आवाज आला, "बाबा, म्हस आज लई पाणी प्यालेली दिसतीया." बावांनी ऐकिले आणि न ऐकिल्यासारखे केले, परंतु मापावरची धार हलली. कमलम्मांची किटली आलीच नाही. त्यांनी शेजारणीकरवी निरोप धाडिला होता जे, आम्ही उद्यापासून पिशवीचे दूध घेऊ.

बावांनी चौकशी केली आणि वर्तमान कळता घरात दरबार भरविला. तेथे हुकूम जाहला जे, या घरात पाणी कशातच मिसळावयाचे नाही, साबणातही नाही. गोजाबाईसाहेबांनी अर्ज केला की आमटीचे कसे करावे. त्या अर्जावर निकाल मिळाला नाही. मग बावांनी सुनेने केलेले मिश्रण मोरीत रिचविले, आणि स्वहस्ते निव्वळ दाट साबण फेसजंगाचे पोटात भरिला, आणि टोपी दाबली.

फेसजंग कण्हला. पुन्हा दाबता शेंबडासारखी एक तार लोंबली आणि तेथेच राहिली. मग बिरुदेवराव पुढे सरसावले आणि दोन्ही मुठींनी हल्ला चढविला, तो टोपी उडाली आणि साबण डोळ्यात गेला आणि ते शिकस्त खाऊन पिंपाकडे पळाले. गोजाबाईसाहेब घुसळण्याचे इराद्याने ताकाची रवी घेऊन कुमकेस धावल्या, परंतु रवी बाटलीच्या तोंडात शिरेना. तेव्हा दुसरा हुकूम सुटला जे, फेसजंगास माळ्यावर कैदेत टाकावे आणि करवंटीस गादीवर बसवावे.

येथवर सुकन्याबाईसाहेब मान खाली घालोन होत्या. आता पदर खोचून बोलिल्या, "मामा, बाटली टाका माळ्यावर, माझं काय म्हननं न्हाय. पर लोकास्नी वाटंल, लपवली. माप मी घेतलं, चूक माझी हाय. त्यात दूध न्हवतं, येवढं तुमी सांगा की."

"सांगून कोन ऐकतंय," बावा म्हणाले.

"मग हातानं दावा."

बावा उठोन म्हशींपाशी जाऊन उभे राहिले. पेच थोर पडला. दाखवावे तर आपल्याच उंबऱ्यावर, आपल्याच मापाने, आपल्याच हाताने पाणी घालावे लागणार. आणि न दाखवावे तर सून लबाड ठरते आणि दूध पाणचट. आजवर ज्या हाताने दुधाची धार धरिली, त्या हाताकडे त्यांनी पाहिले, आणि म्हशीने मान वळवून त्यांचेकडे पाहिले, आणि मसलत ठरली. बिरुदेवराव, एक डोळा लाल, वकील म्हणोन कमलम्मांचे घरी रवाना जाहले.

संध्याकाळी ओसरीपुढे अवघी गल्ली जमा जाहली. बावांनी तुंबलेला फेसजंग कोमट पाण्याने खळखळून मोकळा केला, आणि पिशवी दाखविली, आणि पिशवीवरचे फर्मान सुनेकडून मोठ्याने वाचून घेतले, आणि पोटात साबण ओतिला. मग ते माप पाण्याने भरोन उचलिले. दुसऱ्या हाताने आपलेच मनगट आवळोन धरिले. पाण्याची इतकी बारीक धार लागली की ती पडते की नाही याचा उलगडा पहिल्या ओळीसही होईना.

कमलम्मा पुढे वाकल्या. "काय ओ बाबा, येवढ्यानं काय हुतंय? घाला की अजून."

मग मागून दुसरा म्हणे घाला, तिसरा म्हणे कमी पडले, आणि सकाळी ज्या रांगेने थेंबा-थेंबास नख लाविले तीच रांग आता बावांस पाणी घाला, हात आखडू नका, म्हणोन गर्जू लागली. बावांनी डोळे मिटोन माप उपडे केले, आणि पुन्हा भरिले, आणि पुन्हा उपडे केले, तो फर्मानातील हिस्सा पुरा जाहला. बाईसाहेबांनी बाटली अलगद हलविली आणि कमलम्मांपुढे धरिली. टोपी दाबताच शुभ्र गोळा उतरला. कमलम्मांनी हात चोळिले, धुतले, हुंगिले आणि निवाडा दिला, "दूध न्हाय ओ हे. लिंबाचा वास येतोय."

आता बावांनी आपला तळहात पुढे केला. फेस भरगच्च चढला. त्यांनी सवयीप्रमाणे तो बसू दिला. फेस बसत गेला, बसत गेला, आणि अखेर तळहाती एक ओलसर ठिपका राहिला. बावांनी तो सर्वांस दाखविला.

"असा फेस मापून दूध इकलं असतं," ते म्हणाले, "तर आज मोटारीतनं हिंडलो असतो."

हसू उसळले ते थेट चौकापर्यंत गेले. कमलम्मांनी किटली उंबऱ्यावर ठेविली. "भरा माजी," त्या म्हणाल्या, "आन् माप दुसरं घ्या." सुकन्याबाईसाहेबांनी कोरडे माप आणोन सासऱ्यांचे हाती दिले, तेव्हा बावा त्यांस हळूच म्हणाले, "आता तूच बस हितं. माज्यापरीस तुजा हात थिर हाय."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, ती पुढील तहासह नोंदीत घेतली असे. ते जुने माप फेसजंगास जहागीर दिले, आणि त्यास लाल दोरा बांधून मोरीवर टांगिले. बाटली भरावयाची ती ओसरीवर, दिवसाउजेडी, गिऱ्हाईकांसमक्ष. आणि पाणी बेताचे पडते की नाही हे पाहण्याचा अधिकार कमलम्मांकडे वंशपरंपरा दिला. सकाळ-संध्याकाळ दुधाचे मापावर सुकन्याबाईसाहेबांची नेमणूक जाहली, आणि फेस बसल्यावाचून त्याही वरची धार सोडीत नाहीत. गोजाबाईसाहेब रोज हातावर साय घेतात. बिरुदेवरावांचा डोळा बरा आहे.

खासे जोतीरामबावा बाटली भरण्याचे दिवशी हजर असतात, परंतु पाण्यास हात लागण्यापूर्वी उठतात, आणि आत जातात, आणि ते पाणी घालणे म्हशींचे नजरेस पडू नये म्हणोन गोठ्याचे दार लोटून घेतात.