उस्मानभाईची पाव फेरी

लोक गाडीच्या टाकीत पेट्रोल भरतात. आमचा उस्मानभाई बाटलीत भरतो. लिटरभर मोजून. मग बॉनेटखाली ती बाटली टांगतो, तिची नळी कार्बोरेटरला जोडतो आणि निघतो. बाटली संपेल तिथं गाडी बंद. एकदा निजामपुऱ्याच्या गल्लीत भर बाजारात बंद पडली. मागं कापडाच्या ताग्यांचे टेम्पो बोंबलत होते आणि हा मीटर वाचत होता.

"सोळा! लिटरला सोळा, भाऊ!"

धक्का मारत होतो मी.

टेमघरला आमची भिंतीला भिंत. उस्मानभाईनं तीस वर्षं कापड विणायचे लूम जोडले. आता मुलं परदेशात आणि घरात हा एकटा. त्याची गाडी जुन्या काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या जातीची, आणि सगळा जीव त्या कार्बोरेटरच्या एका स्क्रूत. आवळला की पेट्रोल कमी, सैल केला की जास्त. एवढं मला चौथी नापासालाही कळतं. पण आवळायला काही हद्द? इंजिनाला कान लावायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "अजून पाव फेरी!"

अशा पाव पाव फेऱ्यांनी गाडीचा पार दम गेला. सपाटीला खोकते, तापते. चढ आला की पहिल्या गिअरवर येते आणि दुप्पट पिते.

"वाचवलेलं सगळं चढावर घालवतोस," मी म्हणतो.

"चढावर चालवणाऱ्याची चूक."

"चालवतो कोण?"

"मी. पन चढ मी बनवला काय?"

आता अशा माणसाशी काय बोलायचं? माझी बायको होती तेव्हा स्वयंपाकघरातून ओरडायची, "भावजी, ती गाडी मेली का जित्ती हाय, एकदाचं ठरवा!" तेवढ्यापुरता तो इंजिन बंद करायचा. माझं कधी ऐकलं न्हाय.

ती गेली त्याला यंदा वर्ष झालं. वर्षाचं पाणी माहेरच्या नदीवर द्यायचं, असं तिनंच सांगून ठेवलं होतं. माहेर गणेशपुरीकडचं. भटजींनी बजावलं, "बारापर्यंत थांबेन, पुढं दुसरीकडं जायचंय." मी पिशवी घेऊन एसटीला निघालो, तर हा दारात उभा.

"वहिनीच्या कामाला एसटीनं जातो? बस गाडीत."

बसलो. माझीच अक्कल.

निम्म्या वाटेत चढ आला. गाडी दोनदा खोकली आणि बसली. अकरा वाजून गेले होते. मी बॉनेट उघडलं, तर आत बाटली, तळाला गेलेली!

"आजपन?"

त्यानं मान खाली घातली. "लांबचा रस्ता होता. बारीक जेट टाकलं काल. वाटलं, अठरा देईल."

जेट म्हणजे पेट्रोल ज्या भोकातून येतं तो पितळी तुकडा. तेच भोक यानं बारीक केलं होतं. माझं तोंड सुटलं. त्याची गाडी, त्याची बाटली, त्याचे अठरा, सगळ्यांचा उद्धार केला. मागून येणारी एसटीही भरलेली, थांबलीच न्हाय.

त्यानं बाटली काढून गवतात फेकली. टाकीत अडीनडीचं पेट्रोल होतं, तिची नळी जोडली. खिशातनं जुनं मोठं जेट काढलं. तापल्या इंजिनावर बोटं भाजत होती, तरी तो हात मागं घेईना.

"सावकाश कर," मीच म्हटलं.

"वहिनी वाट बघत असंल."

"मेलेलं मानूस कुठं वाट बघतं?"

"जित्ती असती तर ओरडली तरी असती," तो म्हणाला. "आता कोन सांगनार, की उशीर झाला?"

मी वाकून बॉनेट धरलं.

त्यानं स्क्रू उलटा फिरवला. पाव न्हाय, अर्धा न्हाय, पुऱ्या दोन फेऱ्या. गाडी काळा धूर ओकत, पेट्रोलचा वास मारत तो चढ चढली. आरशात मागचा रस्ता दिसत नव्हता. मी मीटरकडं बघितलं. त्यानं न्हाय.

बाराला दहा कमी असताना पोचलो. भटजी पंचा झटकत निघण्याच्या बेतात होते.

गुडघाभर पाण्यात उभं राहून मी पहिली ओंजळ सोडली. काठाकडं बघितलं, तर उस्मानभाई लांब एका झाडाखाली उभा. डोक्याला रुमाल बांधलेला, ग्रीसनं काळे झालेले दोन्ही हात छातीपुढं उघडे धरलेले, ओठ हलत होते.

मी दुसरी ओंजळ भरली. भटजी म्हणाले, "सोडा."

उस्मानभाईचे हात तोंडावरून फिरेपर्यंत मी ती सोडली न्हाय.