एल्कच्या बाणाचा कौल

जयवंत तोडणकरांनी आयुष्यात एकच निर्णय स्वतःच्या अकलेने घ्यायचं ठरवलं, आणि तोही नेमका सातासमुद्रापलीकडचं जनावर कुठल्या बाणाने मारावं याचा. लालबागच्या माणसाने खरं तर पापलेट की सुरमई एवढ्यावरच थांबावं. पण बायकोचा धाकटा भाऊ हितेंद्र अमेरिकेतून फोनवर म्हणाला, "भावोजी, सप्टेंबरात आमच्या पोराच्या पहिल्या वाढदिवसाला येताय ना, तेव्हा क्रॉसबो घेऊन एल्कच्या शिकारीला जाऊ. परवान्याचं मी बघतो. बाणाचं पातं तेवढं तुम्ही ठरवा. रविवारी ऑर्डर टाकतोय."

आणि फोन ठेवता ठेवता हसून म्हणाला, "नाहीतर ताईला विचारा."

ते शेवटचं वाक्य जयवंतरावांच्या काळजात घुसलं. (एल्कच्या घुसेल तेव्हा घुसेल.) लग्नाला वीस वर्षं झाली, पण हॉटेलात वेटर समोर आला की ते आधी अंबिकाकडे बघत. सासुरवाडीत यावर विनोद होत, आणि सर्वांत मोठ्याने हितेंद्र हसे. आता काहीही झालं तरी अंबिकाला विचारायचं नाही, अशी त्यांनी शपथ घेतली.

एल्क म्हणजे आपल्या सांबराचा घोड्याएवढा भाऊबंद. त्याच्यासाठी पाती दोन जातींची मिळतात. एक घट्ट, कायम उघडं. बरगडीतून आरपार जातं, पण वाऱ्यावर भरकटू शकतं. दुसरं मिटलेलं, सरळ उडतं आणि लागलं की फाकतं, पण जाड हाड आडवं आलं की दगा देऊ शकतं. मामला एवढाच. यावर जयवंतरावांनी आठवडाभर व्हिडिओ पाहिले. एक दाढीवाला घट्ट म्हणे, दुसरा दाढीवाला मिटलेलं म्हणे, आणि दोघांच्याही मागे मेलेला एल्क पडलेला असे.

शेवटी ऑफिसातल्या विनीतला विचारलं.

"मिटलेलं घे रे. ऑटोमॅटिक ते ऑटोमॅटिक!" विनीत म्हणाला. दुसऱ्या दिवशी तोच म्हणाला, "घट्ट घे. ऑटोमॅटिकचा भरवसा नाय." (विनीतने आजवर फक्त डास मारले होते, आणि त्यातलेही बरेच वाचले होते.)

जयवंतराव विमा कंपनीत नोकरीला. प्रत्येक फायलीवर 'योग्य त्या निर्णयासाठी सादर' असं लिहून ती वर ढकलायची, या एका वाक्यावर त्यांनी दोन बढत्या मिळवल्या होत्या. पण या फायलीला वर साहेबच नव्हता. शनिवारी संध्याकाळी त्यांना साहेब आठवला. गावचा देव!

कोकणातल्या त्यांच्या गावी अजून देवाला कौल लावतात. गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवून गाऱ्हाणं घालतो; पाकळी उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. हल्ली चाकरमान्यांसाठी अप्पा गुरव हे व्हिडिओ कॉलवरही करतात. अंबिका भाजी आणायला खाली गेलेली पाहून जयवंतरावांनी फोन लावला आणि टेबलावर, कालच दळून आणलेल्या वर्षाच्या मसाल्याच्या पातेल्याला टेकवून ठेवला.

"बा देवा म्हाराजा," अप्पांनी सुरू केलं, "तुजा लेकरू जयवंत परमुलखात शिकारीक जाता. बाणाक पातां कसलां घेवचां तां तेका समाजणा नाय. घट्ट आसात तर उजवो दी, मिटलेलां आसात तर डावो दी. व्हय म्हाराजा!"

पाकळी हलेना. अप्पांनी पुन्हा विनवलं. देव ढिम्म.

"देव बोलणा नाय," अप्पा म्हणाले. "घरकारणीक विचारलंस?"

"अप्पानू, तिका कित्याक?"

"तिका विचारल्याशिवाय आमचो देव तोंड उघडणा नाय."

म्हणजे देवानेही फाईल परत खाली पाठवली! जयवंतराव इरेला पेटले. मिटलेलं पातं कसं उघडतं ते आपणच प्रत्यक्ष बघू, म्हणून त्यांनी बटणाची छत्री घेतली, लोडाला एल्क मानून नेम धरला आणि छत्री खुपसून बटण दाबलं. छत्री उत्तम उघडली. फक्त ती लोडात न उघडता टेबलावर उघडली, पातेलं आडवं झालं आणि वर्षाचा मसाला घरभर उधळला. त्याच क्षणी अंबिका दारात आली.

पहिलं अर्धं मिनिट दोघंही नुसते शिंकत होते. त्याचा फायदा घेऊन अप्पांनीच जमिनीवर पडलेल्या फोनमधून सगळी हकिगत सांगून टाकली.

"आठ दिवस हे चाललं होतं?" अंबिका म्हणाली. "अहो, मला एका शब्दाने विचारलं असतं तर जीभ झडली असती?"

जयवंतरावांना खरोखर मेल्याहून मेल्यासारखं झालं. अंबिकाने फोन उचलला, पदराने पुसला.

"अप्पानू, आता माझां गाऱ्हाणां घाला. शिकारीक ह्येनी जावचां काय मी जावचां? मी आसात तर उजवो."

अप्पांचं 'व्हय म्हाराजा' पुरं व्हायच्या आत पाकळी उजवीकडे टपकली. देवही सासुरवाडीचाच निघाला.

रविवारी हितेंद्रचा फोन आला. सगळं ऐकून तो इतका हसला, की पलीकडे पोर रडायला लागलं.

"बरं ताई, पातं कुठलं?"

"घट्ट. ज्यात हलणारं काही नाही, त्यात बिघडणारंही काही नाही," अंबिका म्हणाली आणि स्पीकरवरचा फोन तसाच नवऱ्याच्या हातात देऊन स्वयंपाकघरात गेली.

"भावोजी, वाईट नका वाटून घेऊ," हितेंद्र म्हणाला. "आमची बायको अनुजाही बाळाला सोडून आमच्याबरोबर येतेय. तुम्ही घरी बाळाला सांभाळाल ना? इथे डायपर दोन तऱ्हेचे मिळतात, टेपवाले आणि चड्डीसारखे. तुम्हाला कुठले सोयीचे?"

जयवंतराव सावरून बसले. निदान हा तरी निर्णय त्यांचा होता. त्यांनी घसा खाकरला, दोन्ही बाजूंचा नीट विचार केला आणि तोंड उघडलं.

"चड्डीवाले!" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"थँक यू, भावोजी," असं म्हणून हितेंद्रने फोन ठेवला.