दरबारी नावेचे प्लग

जिवाला मशीनमधलं सगळं कळतं, याबद्दल अख्ख्या जव्हारात एकाच माणसाची खात्री होती. स्वतः जिवाची!

दरबारच्या लॉरीवर तो क्लीनर होता. म्हणजे पाणी भरायचा आणि चाकं पुसायचा. एवढ्या भांडवलावर त्यानं कारभारीसाहेबांसमोर छाती काढली आणि तळ्यातल्या नावेचं मशीन अंगावर घेतलं. हे विलायती मशीन नावेच्या पाठीमागं टांगलेलं असे. दोरी ओढून चालू करायचं, आणि मर्जी असेल तरच ते चालू व्हायचं.

कारभारीसाहेब म्हणाले, "दसऱ्याला मुंबईचे एक पाहुणे नावेतून फिरणार आहेत. मशीन चाललं तर तुला कायम करतो. नाही चाललं तर पोशेऱ्याला जाऊन नाचणी काप!"

नाचणी कापायला जिवाची ना नव्हती. पण पोशेऱ्यात त्याचा सासरा तुका राहत होता, आणि जावई दरबारचा मशीनवाला झाला हे तुकानं सगळ्या गावाला आधीच सांगून टाकलं होतं!

"साहेब, दोष प्लगात आहे," जिवा म्हणाला. "माझ्यावर सोडा. प्लग तर मी डोळे झाकून निवडतो!"

कोठीतल्या डब्यात तीन जातींचे प्लग होते. मोटारीचे लांब आणि चकचकीत, लॉरीचे जाडजूड, आणि तळाशी दोन बुटके, मळकट. जिवानं मशीनचे जळके प्लग काढले, त्यांच्याशी आटे जुळवले, लांबी ताडून पाहिली आणि ते बुटके उचलले. आश्चर्य म्हणजे, निवड अगदी बरोबर होती! जन्मात पहिल्यांदा त्याचं काहीतरी बरोबर आलं होतं, आणि बिचाऱ्याला ते ठाऊक नव्हतं.

प्लग लावून बघायचे, तर दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. कोयते, विळे, कुऱ्हाडी सगळं पूजेला मांडलेलं. जिवाचा पाना आणि प्लगही पाटावर जाऊन बसले. पूजेतलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलायचं नाही, म्हणून मशीन चालवून बघणं राहिलं ते राहिलंच.

शेंदूर कालवता कालवता त्याच्या बायकोनं, सकूनं विचारलं, "अवो, कुऱ्हाडीला पात्याशी लावतात. याला कुठं लावू? याचा जीव कुठं आहे?"

जिवाला अशा वेळी गप्प बसणं कधी जमलंय! त्यानं प्लगाचं टोक दाखवलं. "हितं! हितं ठिणगी पडते. सगळ्या मशीनचा जीव या एवढ्याशा फटीत!"

सकूनं मनोभावे हात जोडले.

दसऱ्याला तळ्याकाठी ही गर्दी! पोशेऱ्याहून तुका आला होता, आणि त्याच्यामागं निम्मा पोशेरा. जिवानं वरवर शेंदूर पुसून प्लग पिळले. कुणीतरी वल्ही आणून दिली, तर हा गरजला, "मशीनच्या नावेला वल्ही? ठेव तिकडं काठावर!"

बांबूनं ढकलत नाव खोल पाण्यात गेली. पुरतं खोल लागलं तेव्हा बांबू तळाच्या चिखलात रुतून बसला आणि जिवाच्या हातून सुटून तिथंच राहिला. त्याचं जिवाला काहीच वाटलं नाही. त्यानं दोरी ओढली. काही नाही! पुन्हा ओढली. मशीन ढिम्म! ओढून ओढून खांदा निखळायची वेळ आली. पाहुणे आधी हसत होते, मग नावेची कड घट्ट धरून बसले.

"प्लगच चुकला!" जिवा पुटपुटला. वेळेला असावेत म्हणून डब्यातले बाकीचे प्लगही त्यानं खिशात टाकले होते. त्यातले लॉरीचे काढले. ते भोकात शिरेनात. मग मोटारीचे लांब, चकचकीत प्लग बसवले आणि दोरी ओढली.

टण्ण!

आत काहीतरी कशावर तरी आदळलं. जिवाला वाटलं, आपलंच कपाळ. प्लग काढून बघतो तर लांब टोक आत आपटून चेपलेलं, सपाट! नाचणीचं शेत त्याच्या डोळ्यांसमोर डोलायला लागलं.

आता पुन्हा ते बुटकेच. लावण्याआधी त्यानं पहिल्यांदाच टोक नीट बघितलं. फटीत तेलशेंदराचा लालभडक थर गच्च बसलेला! ठिणगी पडणार कुठून?

"सकेऽऽ! हे काय करून ठेवलंस?"

"तुमीच सांगलं!" काठावरून खणखणीत उत्तर आलं. "जीव हितंच हाय म्हणून! चांगला दाबून दाबून भरलाय!"

पाहुण्यांनी खिशातला चाकू दिला. जिवा घाईघाईनं शेंदूर खरवडू लागला. एक प्लग लख्ख झाला! आणि तेलकट बोटांतून सटकून डुबुक्कन पाण्यात गेला.

जिवाला खरंच रडू आलं. नोकरी गेली, सासऱ्याचं नाक गेलं, आणि वारा नावेला पलीकडच्या खडकांकडं लोटत होता.

"अहो, मला पोहता येत नाही!" पाहुणे किंचाळले.

मग मात्र जिवानं बसायची फळी उपटली, गुडघे टेकले आणि पाणी मारायला सुरुवात केली. रडत होता आणि मारत होता. नाव वाऱ्याविरुद्ध अशी निघाली की काठावरचे लोक ओरडायचे थांबले. पाहुणे कोरडे ठणठणीत उतरले.

"वा!" ते कारभारीसाहेबांना म्हणाले. "मशीनचा धूर नाही, आवाज नाही! पुढच्या खेपेला मला असंच न्या."

कारभारीसाहेबांनी जिवाकडं बघितलं, मशीनकडं बघितलं आणि तिथंच हुकूम सोडला. मशीन काढून अडगळीत टाकायचं. जिवा कायम. वल्हं मारायला.

जिवानं मान खाली घातली. मशीनवाला म्हणून आलेल्या माणसाला वल्हं! आता सासऱ्याला तोंड कसं दाखवायचं? पण तुका केव्हाच गर्दीत घुसला होता, आणि ज्याला त्याला दंडाला धरून सांगत होता,

"बघलास का? दरबारानं इलायती मशीन काढलं, अन् त्याच्या जागी आमचा जावई बसवला!"