गुरलिंगअप्पांच्या सात जागा

लातुरात एखादा म्हातारा वारला, की गुरलिंगअप्पांच्या फेरीतली एक जागा कमी व्हायची.

ही फेरी दर रविवारी सकाळी सातला गंजगोलाईच्या चौकापासून निघायची. निजामाच्या राजवटीविरुद्ध या गावात जे जे घडलं, त्याच्या जागा अप्पा लोकांना पायी फिरवून दाखवायचे. पत्रक कुठं चिकटवलं, तिरंगा कुठं चढवला, लाठी कुठं बसली. पैसे घ्यायचे नाहीत. जागेची अट एकच: प्रत्येक जागेवर ती गोष्ट डोळ्यांनी पाहिलेला माणूस हजर पाहिजे. बोलणार तो, अप्पा नुसते शेजारी उभे राहणार. तो माणूस गेला की जागा बंद.

"गवाह गेला, जागा गेली," अप्पा म्हणायचे. "ऐकीव माल माझ्याकडं न्हाई."

मी फेरीला जायला लागलो तेव्हा अकरा जागा होत्या. दोन वर्षांत सात उरल्या.

अप्पा आडत बाजारातले मापाडी. उभा जन्म धान्य मोजण्यात गेला. पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, ही बाजाराची रीत. फेरीला जमलेली माणसंही ते तशीच मोजायचे, कपाळावरची विभूती सारखी करून, सगळ्या गोलाईला ऐकू जाईल अशा आवाजात: "लाभ... दोन... तीन..." पुष्कळदा मोजणी लाभावरच थांबायची, आणि तो लाभ म्हणजे मी.

तिसऱ्या जागेचे गवाह बाबाराव. रविवारी ते ओट्यावर दाढी करत बसलेले असत. अर्ध्या तोंडाला साबण तसाच ठेवून ते सांगायला लागत, "ह्या इथं मला पाच शिपायांनी धरलं—"

"मागल्या रविवारी दोन व्हते, बाबाराव."

"मग? आज माणसंबी जास्ती आलीत की!"

"माप खोटं नको. दोन म्हणा."

"बरं, दोन. पण दांडगे व्हते, येवढं तरी म्हणू द्या."

अप्पा क्षणभर विचार करत. "म्हणा," म्हणत.

फेरीत पाणी प्यायचं नाही, असाही एक नियम होता. चळवळीतल्या पोरांना कुणी पाणी विचारत नव्हतं, म्हणून. त्या दुष्काळाच्या वर्षी हा नियम मोडायची कुणाची ऐपतच नव्हती. गल्लोगल्ली घागरींच्या रांगा लागलेल्या, आणि त्यांच्यामधून वाट काढत आमचा इतिहास चाललेला. बायका हसायच्या. "अप्पा, त्या निजामाला म्हणावं टँकर तेवढा पाठीव!"

मी तेव्हा मोर्च्यांसाठी पत्रकं लिहायचो. टँकर हवेत, रोजगार हमीची कामं हवीत, चारा हवा. अप्पा ती नीट वाचायचे आणि परत देताना म्हणायचे, "मजकूर खरा हाय. पण उद्गारचिन्हं लई घालता. उद्गारचिन्हानं माप वाढत न्हाई."

त्याच सुमारास, निजाम जाऊन चौतीस वर्षांनी, लातूर जिल्हा झाला होता. सलूनवाल्यानंसुद्धा पाटीवर 'जिल्हा' रंगवून घेतलं होतं. कचेऱ्या आल्या, साहेब आले, रस्ते रुंद करायचे नकाशे आले. त्यातलाच एक रस्ता पिंजारगल्लीतून जाणार होता. त्या गल्लीतून फेरी जायची, पण थांबायची नाही. एका कुलूपबंद, कुडाच्या घरापाशी आलो की अप्पांची चाल एकदम वाढायची. मी एकदा विचारलं, "इथं काय झालं होतं?"

"काय न्हाई. चला."

मग लढ्याच्या जागांची यादी करायला एक नायब तहसीलदार नेमले गेले. यादीत आलेली जागा पाडणार नव्हते. अप्पांनी सात जागा सांगितल्या आणि घरी आले. दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी मीच गेलो.

"पिंजारगल्लीतलं घर यादीत पाहिजे," ते म्हणाले.

"मग सांगा की. गवाह कोण आहे?"

"मी."

"मग अडलं कुठं?"

"मापाडी आपला माल आपण मापत न्हाई, पोरा. काटा आपल्याकडंच झुकतो."

पुढच्या रविवारी ते नायब तहसीलदार साहेबांना घेऊन त्या घरापुढं गेले. नेहमी गवाह उभा राहायचा तिथं, उंबऱ्याशी, स्वतः उभे राहिले. टोपी काढली. आवाज मापाड्याचा राहिला नव्हता.

"करोडगिरीचा, निजामाच्या जकातीचा नाका जाळला, त्यात मी व्हतो. शिपाई मागं लागले. ह्या घरात एक पिंजारीण एकटी राहायची. तिनं मला कापसाच्या ढिगात लपीवलं. तीन दिवस. शिपायांनी ढिगात काठ्या खुपसल्या, तरी ती कापूस पिंजायची धुनकी चालवीतच राहिली. रातच्याला भाकर द्यायची."

साहेब लिहीत होते. "छान. मोठी गोष्ट आहे."

"ऱ्हायलंय अजून," अप्पा म्हणाले. "पोलीस ॲक्शन झाली. आपलं राज्य आलं. मिरवणूक निघाली, ती ह्या गल्लीत शिरली. लोकांनी मुसलमानांची दारं फोडली. हे दारबी फोडलं. गादीचा कापूस पार त्या नाल्यापातूर उडाला. ती बोचकं घिऊन भायेर आली आन् तिनं माझ्याकडं बघितलं. माझ्या गळ्यात हार व्हता. दहा पावलांवर व्हतो मी. एक शबुद बोललो न्हाई. ती औशाच्या वाटेनं गेली."

साहेबांनी पेन थांबवलं. कागद हातात होता म्हणूनच बहुधा, त्यांनी विचारलं, "बाईंचं नाव?"

अप्पांनी हातातली टोपी फिरवली.

"चाची म्हणायचो."

"नावाचा रकाना आहे, अप्पा. मोकळा ठेवला तर वरती जागा नामंजूर होईल."

तेव्हा मीच पुढं झालो. पत्रकांतून तत्त्वाच्या गोष्टी सांगणारा मी म्हणालो, "काहीही लिहा, साहेब. अमीना लिहा. घर तर वाचेल."

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. "तीन दिस तिच्या हातचं खाल्लं, तवा नाव इचारलं न्हाई. आता माझ्या मनानं ठिवू का?"

साहेब भले होते. त्यांनी महिनाअखेरपर्यंत वाट पाहिली. अप्पांनी सारं लातूर पालथं घातलं, पण पिंजारगल्लीत तेव्हाचं कुणी उरलंच नव्हतं. यादी सात जागांचीच गेली. पुढच्या महिन्यात ते घर पडलं. कुडाची भिंत, पडायला वेळ लागला नाही.

रविवारची फेरी बंद झाली. बाबाराव दाढी करता करता वाट बघायचे आणि मला विचारायचे, "अप्पा रुसले का रं माझ्यावर? दोनच शिपाई म्हणीन म्हणावं."

अप्पा रुसले नव्हते. रविवारी सकाळी ते एस.टी. धरायचे. कधी औसा, कधी निलंगा. एकदा मीही बरोबर गेलो. औशाला किल्ल्याच्या बाजूला एक म्हातारा पिंजारी दुकानात कापूस पिंजत बसला होता. अप्पा पायरीशी चपला काढून उभे राहिले.

"मियाँ, तुमच्या बिरादरीत लातूरहून आलेली कुणी बाई व्हती का? ॲक्शनच्या साली. एकटी."

म्हाताऱ्यानं धुनकी थांबवली. त्याच्या भुवयांवर, दाढीवर कापूस बसला होता. "बहुत आये थे उस वक्त. नाव काय बाईचं?"

"तेच इचारत फिरायलोय," अप्पा म्हणाले.

म्हाताऱ्यानं त्यांच्याकडं पाहिलं. मग कापसाचा ढीग हातानं बाजूला सारला आणि बसायला जागा केली.