पोटातला फोटो

"बाबा, माझा पोटातला फोटो कुठी हाये?" पाचवीतल्या उर्वशीनं जेवता जेवता विचारलं. "आफ्रीनच्या मम्मीचा हाये, पोटात आफ्रीन. मंग माझ्या टायमाचा आईचा फोटो?"

"हाये ना! गडचिरोलीले, मामाकडे," धनराज बोलून गेला. "मागवतो."

त्याच्या बायकोनं, रंजीतानं, कपाळावर हात मारला. उर्वशी आठ महिन्यांची असताना त्यांनी तिला नागपूरच्या एका संस्थेतून दत्तक आणलं होतं. 'पोरीला लवकर सांगा,' असं तिथल्या बाईंनी चारदा बजावलं होतं. धनराजनं आधी ती शाळेत जायची वाट पाहिली, मग परीक्षा संपायची, मग उन्हाळा सरायची; आणि चंद्रपूरचा उन्हाळा काही लवकर सरत नाही.

मामाकडे फोटो असणार कुठून? दुसऱ्या दिवशी पोर शाळेत गेल्यावर, ऊर्जानगरच्या क्वार्टरात, फोटो काढायला धनराजनं बायकोच्या पोटाला उशी बांधली.

"लाज नाई वाटत तुम्हाले?"

"वाटते ना. पदर नीट घे, अन् जराशी मागं वाक."

नेमक्या तेव्हाच शेजारच्या साबिराभाभी, म्हणजे आफ्रीनची आई, वाटी परत द्यायला आल्या. दार उघडंच होतं. त्यांनी ते पोट पाहिलं, "या अल्ला!" म्हणाल्या आणि वाटी घेऊन तशाच आनंदानं माघारी पळाल्या.

आता ती उशी आहे हे सांगावं, तर उशी कशाला हेही सांगावं लागणार. ते सांगितलं की सगळंच सांगावं लागणार. धनराज तोंड शिवून ड्युटीवर गेला. संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये चौघांनी त्याची पाठ थोपटली, पेढे मागितले. तो आपला "हो, हो" करत राहिला.

घरी आला तर उर्वशी दप्तर रिकामं करून त्यात फ्रॉक भरत होती.

"कुठी चालली, बेटा?"

"संस्थेत." तिनं मान वर केली नाही. "तुमचं सोताचं येऊन राह्यलं ना आता. आफ्रीननं सांगतलं."

रंजीतानं दप्तर ओढून घेतलं. "कोनी नाई येऊन राह्यलं, माय! उशी होती थे! पन संस्थेचं तुले कोनं सांगतलं?"

"कपाटातली फाईल वाचली मी. तिसरीत होती तवा."

"मंग इचारलं काऊन नाई?"

"तुम्ही लपवून ठेवली होती ना. मले वाटलं, इचारलं तर रडसान."

धनराजला स्वतःच्याच थोबाडीत मारावंसं वाटलं. "मंग फोटो काऊन मागतला, बेटा?"

"मले वाटलं, आता तरी खरं सांगसान."

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या रुखमाबाई चिंचांचा डबा घेऊन दारात उभ्या राहिल्या. "कितवा महिना, भाऊ? आमाले कानोकान खबर नाई!"

धनराजनं उर्वशीकडे पाहिलं. तिनं हळूच मान डोलावली. त्यानं तिचा हात धरला.

"महिना नाई, बाई. अकरावं वर्ष लागलं. हेच आमचं लेकरू. आठ महिन्याची होती तवा दत्तक घेतली."

रुखमाबाई डबा धरून तशाच उभ्या राहिल्या. त्यांचं तोंड पाहून उर्वशी खुदकन हसली. धनराजला मात्र हसू येईना. एवढं बोलायला त्याला अर्धं मिनिटही लागलं नव्हतं. आणि त्यासाठी पोरीनं दोन वर्षं एकटीनं वाट पाहिली होती.