एकशे पाच जादा माणसे

मंगळवार, १२ फेब्रुवारी १९७४. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातील मीनाक्षी आजरेकर हिची संख्याशास्त्राची प्रात्यक्षिक वही सहीविना परत आली. सही नाही तर प्रमाणपत्र नाही, प्रमाणपत्र नाही तर परीक्षा नाही, आणि परीक्षेच्या अर्जाची मुदत शनिवारी पाच वाजता संपत होती.

अडले होते नवव्या प्रात्यक्षिकावर. उत्तरेश्वर पेठेतील पन्नास घरे फिरायची, माणसे मोजायची आणि दर घरी सरासरी किती ते काढायचे. मीनाक्षीचे उत्तर ७.३ आले होते.

"उत्तर ५.२ येतं," प्रा. अंबादास बिडकर शांतपणे म्हणाले. "अकरा वर्षं तेच येतंय."

"पण सर, मी घरोघर जाऊन मोजलीत."

"तिथंच घोटाळा झाला."

खुलासा वर्गमित्र बाळासोने कॅन्टीनमध्ये केला. १९६३ साली सयाजी नावाच्या कुणा विद्यार्थ्याने हे प्रात्यक्षिक लिहिले. त्याची वही तेव्हापासून वसतिगृहात होती आणि दरवर्षी सगळा वर्ग तीवरून पन्नास घरे उतरवून घेई. बाळासोने जयसिंगपूरच्या एस.टी.त बसल्या बसल्या पेठ संपवली होती. त्याला दहापैकी नऊ गुण होते. एक अक्षराचा गेला.

"सयाजीनं तरी मोजली होती का?"

"त्यानं बी कुणाचं तरी बघूनच लिवलं असंल की. तुला मोजायला सांगितलं कुणी?"

"प्रश्नातच लिहिलंय."

"प्रश्न वाचलास व्हय? मग भोग."

विभागाने मात्र अन्याय केला नाही. मीनाक्षीच्या पन्नास घरांत ३६५ माणसे होती. मान्य संख्या २६०. उरलेली १०५ माणसे जादा ठरवून, त्यांचा घरनिहाय लेखी खुलासा तीन दिवसांत आणण्याची संधी तिला देण्यात आली.

ती आधी सर्वात मोठ्या घरी गेली. झुंबरबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. घरात माणसे चौदा.

"मावशी, तुमच्याकडे आठ पूर्णांक आठ दशांश माणसं जादा भरतात."

"मग कमी कुणाला करू, तूच सांग." झुंबरबाईने भाकरी उलटली. "त्यो कोपऱ्यात निजलाय न्हवं, त्यो जावई. दिवाळीला आलाय, अजून जाईना. त्याला धर कमी. आन् तुझ्या सरास्नी म्हणावं, सकाळच्याला या आणि भाकरी मोजा. दशांशाची बी एक बारकी थापून ठेवते."

जावयाने झोपेतच मान हलवली. ती संमती धरण्यात आली. उरली १०४.

शुक्रवारी प्राचार्यांनी त्रिसदस्य समिती नेमली. पेठ चालत वीस मिनिटांवर असल्याने समितीने पाहणी कार्यालयातच केली. निष्कर्ष असा: एकेचाळीस विद्यार्थी स्वतंत्रपणे एकाच उत्तराला पोहोचतात, याहून भक्कम पुरावा संभवत नाही. सबब वही आणि पेठ यांत तफावत आढळल्यास पेठ दुरुस्त करावी. त्याच दुपारी साखरेच्या वाटपासाठी एका सरकारी कचेरीने विभागाला, पेठेत दर घरी माणसे किती, असे विचारले. ५.२ कळवण्यात आले.

शनिवारी बिडकर सरांनी मीनाक्षीला बोलावून घेतले. त्यांचा आवाज खरोखर मऊ होता.

"तुमचं वर्ष जावं असं मला वाटत नाही. एवढ्यावर सही करा, मी वहीवर करतो."

टंकलिखित कागद होता: 'मी प्रत्यक्ष कोणत्याही घरी गेले नाही. सबब माझे उत्तर ५.२ आहे. वरील माहिती खरी असून ती मी स्वतः तपासली आहे.'

उरलेल्या एकेचाळीस जणांनी, आपण घरोघर गेलो होतो, असे लिहून याच शेवटच्या ओळीखाली आधीच सह्या दिल्या होत्या.

"सर, ही शेवटची ओळ..."

"ती सगळ्याच कागदांवर असते. ती वाचायची नसते."

चार वाजून चाळीस मिनिटांपर्यंत मीनाक्षीने सही केलेली नव्हती. ती शेवटची ओळ वाचत बसली होती. अर्जाची खिडकी उघडी होती.

वाचकांनी स्वतः आजवर या ओळीखाली न वाचता किती सह्या केल्या, हे मोजण्याची तसदी घेऊ नये. विभागाने सरासरी ५.२ धरली आहे.